कोरडवाहू शेतात पुन्हा झाडं आणायची असतील तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वडिलोपार्जित दोन-चार एकर आहेत, बांध उघडे बोडके पडलेत, आणि आता तिथे परत झाडं उभी करावीत असं मनापासून वाटतंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. डोळ्यासमोर आपला कोरडवाहू पट्टा आहे, म्हणजे बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगरचा पूर्वेकडचा भाग, जिथे पाऊस साधारण 500 ते 800 मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा. कोकणात किंवा गोव्यात शेत असेल तर यातलं बरंच तसंच्या तसं लागू होणार नाही, तिकडे पाणी आणि माती दोन्हीचा हिशोब वेगळा.

आधी एक समजून घ्या की झाडं गेली कशामुळे, कारण ज्या कारणाने गेली ते कारण अजून तिथेच असेल तर नवीन लावलेलीही जाणारच. पूर्वी बांधावर बाभळी राखायचे कारण औत, वखर, पाभर, बैलगाडीची चाकं सगळं बाभळीच्या लाकडाचं व्हायचं, गावच्या सुताराला लाकूड लागायचं. लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, मग बाभळीची गरज संपली आणि ती वीटभट्टीला गेली. त्यात वाटण्या होऊन शेतं लहान झाली, बांध कोरून कोरून वीतभर राहिले, ट्रॅक्टर वळवायला झाड आडवं येतं म्हणून काढलं, उरलेलं तणनाशकाने आणि उन्हाळ्यात बांध पेटवायच्या सवयीने संपवलं. तेव्हा पहिलं काम खड्डा खणायचं नाहीये. आपल्या बांधावर यापुढे काडी लावायची नाही, तणनाशक मारायचं नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला बांधापासून दोन-तीन फूट लांब राहायला सांगायचं, एवढं आधी घरात ठरवा. शेत बटईने दिलं असेल तर बटईदाराशी बसून बोला, नुसता निरोप पाठवून भागत नाही कारण रोज तिथे तोच असतो.

जे आपोआप उगवतंय ते आधी बघा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि नवीन माणूस नेमकं हेच सोडून नर्सरीत पळतो. शेताला एकदा सावकाश चक्कर मारा, शक्यतो पावसाळा संपताना म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि खाली बघत चाला. बांधाच्या गवतात बोरीचे, पळसाचे, कडुनिंबाचे, आपट्याचे, हिवराचे, सीताफळाचे गुडघाभर फुटवे दिसतील जे दरवर्षी फुटतात, दरवर्षी शेळ्या खातात नाहीतर विळ्याने कापले जातात, आणि परत फुटतात. वरून ते झुडूप दिसतं पण खाली जुन्या झाडाचं मूळ जिवंत असतं, खोलवर गेलेलं असतं, त्याला तुमच्या टँकरची गरज नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपाला तेवढं मूळ करायला कित्येक वर्षं लागतील.

आफ्रिकेत नायजर नावाच्या देशात, आपल्यापेक्षाही कोरड्या भागात, टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाडं लावायचं काम करत होते आणि बहुतेक रोपं मरत होती. मग 1983 च्या आसपास त्यांच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं दिसतायत ती खरं तर तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. शेतकऱ्यांनी ते फुटवे राखायला सुरुवात केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथे अंदाजे 50 लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परत आली, तीही जवळपास न लावता. या कामासाठी रिनॉडोंना 2018 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपल्याकडची झाडं वेगळी पण मुळाचं वागणं तेच.

करायचं असं. एका बुंध्यातून दहा-पंधरा फुटवे आलेले असतात, त्यातले सरळ आणि जाड दोन-तीन ठेवायचे आणि बाकीचे जमिनीलगत धारदार कोयत्याने तिरपे कापायचे. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बारक्या फांद्या काढायच्या, वरचा अर्धा पाला तसाच राहू द्यायचा, सगळा नाही काढायचा. सहा महिन्यांनी परत नवे फुटवे येतात ते परत काढायचे. पुढच्या वर्षी दोन-तीनातला एक सगळ्यात चांगला ठेवून बाकीचे सरपणाला. हे काम थंडीत किंवा उन्हाळा लागायच्या आधी करा. शेजारी एक बांबू रोवून त्याला जुन्या साडीची पट्टी बांधा म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला आणि गवत कापणाऱ्या बायकांना लांबूनच कळतं की हे ठेवलेलं आहे.

बाभळीचं जरा वेगळं आहे, तिचं मोठं खोड तोडलं की फुटवा फारसा येत नाही, ती बियांपासून येते, म्हणून बाभळीची लहान रोपं दिसली तर तीच राखायची. पण गावठी बाभूळ आणि वेडी बाभूळ यात गल्लत करू नका. गावठीला पिवळे गोल गोंड्यासारखे फुलोरे येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी मध्ये मध्ये आवळलेली असते, वेडीला फिकट रंगाचे लांबट तुरे येतात आणि शेंग सलग, वाकडी, पिवळसर. वेडी बाभूळ एकदा बांधावर माजली की दुसरं काही येऊ देत नाही, ती लहान असतानाच मुळासकट काढा.

किती झाडं लावायची ते पाण्यावरून ठरवा

फुटवे राखून झाले की मधे मोकळ्या जागा उरतील, तिथे लावायचं. इथे लोक उत्साहात पाचशे रोपं आणतात. आपल्या राज्यात 2016 पासून जुलैमध्ये मोठमोठ्या वृक्षलागवडी झाल्या, 2 कोटी, मग 4 कोटी, 13 कोटी, 2019 ला 33 कोटीचं लक्ष्य, आणि लावण्याच्या आकड्यालाच महत्त्व द्यायची सवय आपल्या सगळ्यांना लागली. शेतात तुम्ही जगवण्याचा आकडा धरा.

हिशोब सोपा आहे. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला 10 लिटर पाणी धरलं तर 100 रोपांना आठवड्याला 1000 लिटर, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण 17 आठवडे म्हणजे 17,000 लिटर, म्हणजे 5000 लिटरचे साडेतीन टँकर, आणि हे एका उन्हाळ्याचं. असे निदान दोन उन्हाळे काढावे लागतात, हलक्या मुरमाड जमिनीत तीन. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात बसून आपण हे ठरवतोय, तर विहीर मार्चमध्ये तळ गाठत असेल तर 30 रोपं लावा पण 30 जगवा. पुढच्या वर्षी आणखी 30.

कुठे कोणतं

जमीन बघून झाड निवडायचं, आवडीने नाही. मुरमाड, माळरानाच्या हलक्या जमिनीत हिवर, खैर, बोर, सीताफळ, आपटा, अंजन, कडुनिंब. मध्यम जमिनीत चिंच, कडुनिंब, आवळा, शिवण. भारी काळ्या जमिनीच्या बांधावर बाभूळ, आणि त्यातही रामकाठी बाभूळ मिळाली तर सोनं, ती अंगाला आवळून सरळ वर जाते त्यामुळे पिकावर सावली फार कमी पडते. ओढ्याकाठी, ओघळीला जिथे ओल टिकते तिथे करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. विहिरीजवळ उंबर लावताना विहिरीच्या बांधकामापासून लांब लावा, मुळं दगडात शिरतात. वड-पिंपळ छोट्या बांधावर नकोच, ते गायरानात, ओढ्याच्या काठाला, देवळाजवळ.

गिरिपुष्प बाहेरदेशातलं झाड आहे पण बांधावर थोडं लावायला माझी हरकत नाही, पावसाळ्यात छाट कलमाने येतं, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि पाला कापून शेतात टाकला की चांगलं हिरवळीचं खत होतं. सुबाभूळ मात्र जपून, शेळ्यांना चारा म्हणून उत्तम पण बी पडून सगळीकडे उगवते, लावलीच तर शेंगा धरायच्या आधी छाटत राहायची तयारी ठेवा. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ हे लाकडासाठीचं पीक आहे, गेलेली झाडोऱ्याची वस्ती परत आणायची असेल तर त्यात ते बसत नाही, त्यांच्यावर ना पक्षी टिकतात ना शेळीला पाला मिळतो.

सावलीचा विचार लावायच्या आधीच करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो म्हणून झाडाची सावली उत्तरेकडे पडते, आणि आपल्याकडे ज्वारी-हरभऱ्याची रब्बी नेमकी तेव्हाच उभी असते. म्हणजे तुमच्या शेताच्या उत्तर बांधावर लावलेल्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर जाणार. तेव्हा शेजारच्या काकांना आधी विचारा, त्यांनाही चार रोपं द्या, बांध दोघांचा आहे, आणि ज्याला विचारलं नाही तो माणूस झाड टिकू देईल याची खात्री नसते. दक्षिण-उत्तर जाणाऱ्या बांधावर सावली सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला फिरते त्यामुळे तिथे फार त्रास होत नाही, सुरुवात तिथून करा. अंतर लहान झाडांना 4-5 मीटर, चिंचेसारख्या मोठ्याला 10 मीटर.

खड्डे उन्हाळ्यात

खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्यायचे, पावसाळ्यात नाही. साधं झाड असेल तर दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल पुरतो, मुरूम लागला तर दोन फूट, आणि आंब्यासारखं फळझाड असेल तर तीन फुटापर्यंत. खणताना वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. महिनाभर खड्डा उन्हात तापू द्या, किडे-अंडी मरतात. मग मृगाच्या आधी भरायचा, तळाला वाळलेला पालापाचोळा, त्यावर वरची चांगली माती आणि एक-दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, सोबत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कुजलेलं म्हणजे खरंच कुजलेलं हवं, कच्चं शेण टाकलं की वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी जमिनीतली अळी) दोन्हीला आमंत्रण. खड्डा जमिनीच्या वर थोडा फुगवून भरा, पावसाने माती बसते.

जागा बांधाच्या अगदी माथ्यावर नको, तिथे माती लवकर सुकते. बांधाच्या कुशीत पाणी मुरतं त्या अंगाला घ्या, फक्त काळ्या जमिनीत जिथे पाणी आठ-आठ दिवस तुंबतं तिथे खालच्या अंगाला. उतारावर असेल तर खड्ड्याच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्र बांधा म्हणजे वरून येणारं पाणी रोपापाशी थांबेल.

रोप की बी

सामाजिक वनीकरणाच्या आणि वन विभागाच्या रोपवाटिका जवळपास सगळ्या तालुक्यांच्या आसपास असतात, पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या काळात रोपं सवलतीच्या दरात मिळतात, मे महिन्यातच जाऊन बोलून या कारण देशी झाडांची रोपं लवकर संपतात. निवडताना फार उंच रोपाला भुलू नका. दोन-तीन फुटाचं, बुंधा पेन्सिलएवढा जाड, पिशवीच्या खालून मूळ जमिनीत न घुसलेलं असं घ्या. एकाच पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात आणि ती जमिनीत गेल्यावरही तशीच राहतात.

बियांपासून करायची मला जास्त आवड आहे कारण जागेवर टोकलेल्या बीचं सोटमूळ सरळ खाली जातं. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैमध्ये पडतात, त्यांचा जीव दोन-तीन आठवड्यांचाच, गोळा केल्या की गर धुऊन लगेच टोकायच्या, पुढच्या वर्षीसाठी ठेवून उपयोग नाही. जांभळाचंही तसंच. चिंचोके 24 तास पाण्यात भिजवा. बाभळीचं बी कडक कवचाचं, त्यावर उकळतं पाणी ओतून ते तसंच रात्रभर थंड होऊ द्या नाहीतर सरळ शेळ्यांच्या वाड्यात जा, बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळ्या रवंथ करताना बी टाकतात ते झाडून आणा, ते लवकर उगवतं. एका जागी तीन-चार बिया टोका, चांगलं येईल ते एक ठेवा.

लावायचा दिवस

पहिल्या पावसात लावू नका. मृगाचा पहिला पाऊस पडतो, सगळे रोपं लावतात आणि मग पंधरा दिवस उघडीप पडते की रोपं वाळली. एकूण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन गेला, खड्ड्यात हातभर खोल ओल गेली की मग, म्हणजे आर्द्रा ते पुनर्वसू नक्षत्रात, साधारण जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ.

पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा, नुसती फाडून आत ठेवू नका, आणि रिकाम्या पिशव्या गोळा करून घरी न्या. तळाला गुंडाळलेली मुळं दिसली तर तेवढी कात्रीने कापा. मातीचा गोळा फुटू न देता रोप ठेवायचं, पिशवीत जिथपर्यंत माती होती तिथपर्यंतच नवीन माती, खोड पुरायचं नाही. पायाने हलकं दाबा, आजूबाजूला दोन फुटाचं आळं करा, काठीला सुतळीने आठच्या आकड्यासारखं सैल बांधा.

आणि त्याच दिवशी कुंपण. उद्या करू म्हटलं की रात्रीत शेळी येते. बोराट्या किंवा बाभळीच्या काट्या गोल रचून त्यावर दगड ठेवले तरी चालतं, जाळी विकत आणायलाच पाहिजे असं नाही. कायमसाठी बांधाच्या बाहेरच्या कडेने सागरगोटा, चिलार, घायपात लावून ठेवा, तीन-चार वर्षांत जिवंत कुंपण होतं. गावात मोकळी चराई असेल तर एकट्याने किती अडवणार, म्हणून हिवरे बाजारने जे केलं ते बघून या, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे गावाने मिळून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली आणि डोंगर हिरवा झाला. पूर्ण गाव नाही तर निदान शेजारचे चार-पाच शेतकरी आणि जो मेंढपाळ दरवर्षी येतो त्याच्याशी बोलणं करा, त्याला चराईला दुसरी जागा दाखवा.

पहिले दोन उन्हाळे

खरी परीक्षा इथे. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये आळ्यातलं गवत खुरपून काढा आणि तेच गवत, तुरीचा भुसा, उसाचं पाचट जे मिळेल ते बुंध्यापासून चार बोटं सोडून वीतभर जाड पसरा. वाळवीचा त्रास असेल तर गवताऐवजी चपटे दगड मांडा, दगडाखाली ओल चांगली टिकते. नुसत्या आच्छादनाने पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येतात असा आमच्या भागातला अंदाज.

पाणी रोज थोडं थोडं नको, आठवड्यातून एकदाच पण खोल. पाच-सात लिटरचं बिनरंगी मातीचं मडकं रोपापासून वीत-दीड वीत लांब गळ्यापर्यंत पुरलं आणि वर झाकण ठेवलं तर पाणी हळूहळू पाझरून मुळाशीच जातं. रंग दिलेलं मडकं पाझरत नाही ते आणू नका. ड्रिपची जुनी लाइन असेल तर उत्तम, पण उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, लक्ष ठेवा.

जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळलं की बांधाच्या दोन्ही अंगाला सहा फूट रुंद पट्टा पूर्ण साफ करून जाळरेषा काढा. तुम्ही आग लावली नाही तरी शेजारच्या उसाचं पाचट पेटतं, रस्त्यावरून विडी पडते, आणि दोन वर्षांची मेहनत अर्ध्या तासात जाते. हे काम पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि जवळपास कुणीच करत नाही.

हुमणीचं सांगतो कारण त्यावरून गावात तुम्हाला बोलणी बसतील. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाभूळ, कडुनिंब, बोरीच्या पाल्यावर येतात म्हणून लोक म्हणतात बांधावरची झाडं काढा. उलट ते एका ठिकाणी गोळा होतात हीच सोय आहे, सलग काही संध्याकाळी खाली कापड अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा, शेजाऱ्यांनाही सोबत घ्या. शिवाय त्याच झाडांवर कोतवाल, साळुंक्या बसतात त्या हरभऱ्यातल्या घाटेअळ्या वेचतात.

तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्याच्या शेवटी खालच्या फांद्या उतरवत जा, उंचीच्या एक तृतीयांशापर्यंतच, म्हणजे झाड सरळ जातं आणि पिकाला ऊन मिळतं. झाडाजवळच्या दोन-तीन ओळींचं पीक जरा बारीक राहतं हे मान्य करून चाला, फार वाटलं तर झाड मोठं झाल्यावर पिकाच्या बाजूने मीटरभर अंतर सोडून दीड-दोन फूट खोल चर मारला की वरवरची मुळं पिकात शिरत नाहीत.

मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या जुलैमध्ये नांग्या भरायच्या. भरताना बघा की त्या जागी रोप का गेलं, एकाच ओळीत सगळी गेली असतील तर खाली चुनखड किंवा सलग दगड असेल, तिथे झाड बदला, सीताफळ किंवा हिवर टोकून बघा.

कागद

फळझाडं लावणार असाल तर खड्डे घ्यायच्या आधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामरोजगार सेवकाला भेटा, नंतर नाही, कारण मंजुरीच्या आधी केलेलं काम धरलं जात नाही. रोजगार हमीतून फळबाग आणि बांधावरची लागवड होते, त्यासाठी जॉबकार्ड लागतं, आणि त्यात न बसणाऱ्यांसाठी 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे. अनुदान तीन वर्षांत हप्त्याने मिळतं आणि पुढचे हप्ते किती झाडं जगली त्यावर ठरतात.

झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या, ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, फोटोसकट करा. कारण साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, अंजन, हिरडा अशी काही झाडं 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि उद्या रस्त्यात किंवा कालव्यात जमीन गेली तर झाडांचा मोबदला मागताना आधीपासूनची नोंद हाताशी असलेली बरी.